टिपणीसचं बर्फाचं वर्ष

मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. म्हणाली, "ताई, टिपणीससर सिंगापूर सोडून चाललेत कायमचे. दिवाळी अंकात त्यांच्यावर एक पान ठेवलंय. तुम्ही त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं होतात, चार चांगले शब्द लिहून द्या ना." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. चार काही जमेनात. एक जमला, तो पुढे येईल. बाकीचं जे आहे ते असं आहे. सेक्रेटरीबाईंना छापायचं असेल तर छापावं, नाहीतर त्या पानावर साड्यांची जाहिरात घ्यावी.

टिपणीस माझा बॉस होता. बुओना व्हिस्टाला काचेच्या इमारतीत पार वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. बंदरासाठी सॉफ्टवेअर करायचो आम्ही. कुठलं जहाज कधी धक्क्याला लागणार, कुठलं बाहेर समुद्रात किती वेळ उभं राहणार, याचं गणित. मी टेस्टिंगला होते. इंजिनिअर आठ, बहुतेक पुण्या-मुंबईकडचे, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर आलेले. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर टिपणीस. माणूस मूळ डोंबिवलीचा, पण अमेरिकेत शिकला म्हणून स्वतःला ‘ॲव्ही’ म्हणवून घ्यायचा. ऑफिसात मराठी माणसाशीसुद्धा इंग्रजीच. मराठीत बोलायला लागला की समजायचं, आता हा आपल्याकडून काहीतरी काढून घेणार. "अगं मेधा, जरा ऐकतेस का," असं त्यानं मऊ आवाजात म्हटलं की माझा शनिवार गेलाच म्हणून समजा.

उंचीनं बेताचा, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे बास्केटबॉल यायचं आहे. केस नीट मागे वळवलेले, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि चालणं असं की कुठेतरी उशीर झालाय. केबिनमध्ये कचऱ्याच्या डब्यावर भिंतीला एक प्लॅस्टिकची रिंग ठोकलेली होती. फोनवर बोलता बोलता हा कागदाचे बोळे करून त्यातून टाकायचा. नेम यथातथाच. बोळे जमिनीवर पडायचे आणि तिथेच राहायचे. झाडायला येणाऱ्या आंटी ते गुडघ्यावर बसून गोळा करायच्या, आणि हा खुर्चीतले पायसुद्धा उचलायचा नाही.

कुणासाठी थांबणं हा प्रकार त्याच्या स्वभावातच नव्हता. मीटिंगची वेळ झाली की काचेचं दार आतून लावून घ्यायचा. मग बाहेर कोणीही लॅपटॉप छातीशी धरून उभा असो, त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. हॉकर सेंटरला आम्ही सगळे जेवायला जायचो, तेव्हा याचा ट्रे पहिला आला की हा खायला लागायचा आणि आमचे ट्रे येईपर्यंत उठूनही जायचा. आणि लिफ्ट. लिफ्टमध्ये हा आधी शिरलेला असला आणि मागून कोणी धावत येताना दिसलं, तर याचं बोट सरळ दार बंद करायच्या बटणावर. मी स्वतः दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावलेय आणि ते दार माझ्या नाकासमोर मिटताना पाहिलंय. आतून तो माझ्याकडे बघत होता, चेहऱ्यावर काहीही नाही. मी एकदा विचारलं, "सर, काय गेलं असतं हो तुमचं?" तर म्हणाला, "धावायला लागतं म्हणजे उशिरा निघालीस." असा डोक्यात जायचा ना, की वर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात चारदा राजीनामा दिलेला असायचा.

आता त्या बास्केटबॉलचं सांगते. अमेरिकेत म्हणे कॉलेजांचे गट असतात, त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. टिपणीसचं कॉलेज अशाच एका गटात होतं. आठ लहान कॉलेजं, मक्याच्या शेतांमधली. गटाचं नाव त्यानं शंभरदा सांगितलं असेल, मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. हिवाळाभर ही आठ कॉलेजं आपापसात खेळतात, त्यावरून पहिला नंबर, दुसरा नंबर ठरतो. आणि मग मार्चच्या सुरुवातीला, सीझन संपल्यावर, एक टूर्नामेंट होते. हरलात की घरी. जो ती जिंकेल तो देशाच्या मोठ्या स्पर्धेत जातो, मग हिवाळाभर तो शेवटून पहिला का असेना. बाकीच्या सगळ्यांचं वर्ष संपलं.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे मार्चमधल्या त्या तीन-चार सकाळी टिपणीस मोठी मीटिंग रूम अडवून बसायचा. पडद्यावर सामना, हातात कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा कप, समोर नारळाच्या जॅमचा काया टोस्ट, आणि गळ्यात कॉलेजच्या रंगाचा, धुवून धुवून विटलेला टाय. आम्हाला आत बोलवायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. आणि सामना थांबला की इतिहास सुरू.

इथे तो एक चांगला शब्द. सांगायचा छान. एरवी ईमेलमध्ये दोन ओळी धड न लिहिणारा हा माणूस त्या टूर्नामेंटबद्दल बोलायला लागला की आम्ही खरंच ऐकत बसायचो, मीसुद्धा. आधी टूर्नामेंट नव्हतीच, म्हणायचा. पहिला येईल तो पुढे जायचा, साधा हिशोब. मग लहान कॉलेजांनी कुरकूर केली की आमच्या पोरांनी जानेवारीतच आशा सोडायची का, म्हणून ही काढली. पहिली काही वर्षं ती अव्वल कॉलेजच्या व्यायामशाळेत भरायची, तिथं छत इतकं खाली होतं की उंच फेकलेला चेंडू तुळईला लागून परत यायचा. मग भांडणं झाली, घरच्या मैदानाचा फायदा मिळतो म्हणून. मग मधल्याच एका गावातल्या हॉलमध्ये नेली. त्या हॉलमध्ये आदल्या आठवड्यात गुरांचं प्रदर्शन असायचं, आणि पहिल्या दिवशीच्या सामन्यांना शेणाचा वास यायचा. खेळाडू नाकाला रुमाल बांधून सराव करायचे. पुढे टीव्हीवाले आले, मोठ्या शहरातलं स्टेडियम आलं, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. "पण खरी टूर्नामेंट म्हणजे त्या शेणाच्या वासाची," असं तो म्हणायचा, आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला तो माणूस वाटायचा.

त्या सगळ्या इतिहासाचा कळस म्हणजे बर्फाचं वर्ष. ही गोष्ट तो दर मार्चमध्ये सांगायचा. तो तिथे शिकत असतानाची. तो स्वतः कॉलेजच्या बँडमध्ये झांजा वाजवायचा, खेळायचा नाही. त्या वर्षी बर्फाचं वादळ आलं. याच्या कॉलेजशी ज्यांचा सामना होता त्यांची बस रस्त्यात अडकली. सामन्याची वेळ झाली, बसचा पत्ता नाही. "मग?" असं कोणीतरी नव्या माणसानं विचारायचं, की टिपणीस कप खाली ठेवायचा. "मग काय. घड्याळ लावलं. वेळ संपली. वॉकओव्हर. एक मिनिट कोणी थांबलं नाही. आम्ही पुढे, ते घरी. म्हणून ती टूर्नामेंट आहे." आणि मग ठरलेलं वाक्य, बोट उचलून: "वर्षभराचं काम फक्त नंबर लावण्यापुरतं. खेळ नंतर असतो."

हे वाक्य त्यानं मीटिंग रूममध्येच ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यानं ते ऑफिसला लावलं. आमच्या आठ इंजिनिअरांचे त्यानं वर्षाच्या कामावरून एक ते आठ नंबर लावले आणि मार्चमध्ये त्यांची टूर्नामेंट सुरू केली. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा, असं. दोघांनी समोरासमोर उभं राहून आपापल्या कामाचं प्रेझेंटेशन द्यायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, टिपणीसनं निकाल द्यायचा. मला बाजूला घड्याळ देऊन बसवलं होतं, वेळ झाली की घंटा वाजवायला. जिंकणाऱ्याला एक पितळी कप मिळायचा आणि त्याच्या टेबलावर तो वर्षभर धूळ खायचा. पोरं हसून न्यायची. मी घरी जाऊन नवऱ्यापाशी बोटं मोडायचे, तो म्हणायचा, अगं, साहेबाचा छंद आहे, सोड.

मग ते वर्ष आलं. हेड ऑफिसनं कळवलं की आठांपैकी चार इंजिनिअर सिंगापुरात ठेवा, चार पुण्याच्या ऑफिसला हलवा. कोण राहणार, कोण जाणार, ते टिपणीसनं ठरवायचं. दुसरा कोणी असता तर वर्षाचं काम बघितलं असतं, घरची अडचण विचारली असती. टिपणीसनं सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "पहिली फेरी. जिंकेल तो राहील." पितळी कपाच्या खेळावर त्यानं माणसांची बिऱ्हाडं लावली.

पहिला नंबर होता विश्राम केळुसकर. हा मालवणकडचा. पूर्वी बोटीवर मरीन इंजिनिअर होता, मुलगी झाल्यावर बायको म्हणाली आता पुरे, तेव्हा किनाऱ्यावर आला आणि आमच्यात शिरला. बेडोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. जाडजूड, सावकाश बोलणारा, डब्यातला मासा दुसऱ्याला दिल्याशिवाय न खाणारा. त्याला सिंगापुरात कायमचं राहायची हौस नव्हती. त्याला हवं होतं एकच. त्याची सई तेव्हा इथल्या सहावीला होती. इथे सहावीला मोठी परीक्षा असते, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि त्या मार्कांवर मुलाची पुढची शाळा ठरते. पोरं दोन-दोन वर्षं त्याच्यासाठी घासतात. केळुसकरचा पास गेला की बायकोचा आणि सईचाही जाणार. मग सईनं परीक्षेच्या तोंडावर पुण्याला जायचं, जिथे त्या परीक्षेला कोणी विचारत नाही आणि हिच्या मराठीला सगळे हसणार.

त्या फेरीच्या आदल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. त्याच्या बायकोनं, सुजातावहिनींनी, माशाचं तिखलं केलं होतं. सई कोपऱ्यात गणितं सोडवत होती. कान आमच्याकडे. मध्येच मान वर करून म्हणाली, "बाबा, यू सीड नंबर वन, राइट? देन शुअर विन लाह." केळुसकर हसला आणि म्हणाला, "तू तुझं गणित बघ." जेवणानंतर तो मला म्हणाला, "मेधाताई, हे असलं उभं राहून बोलणं मला येत नाही हो. पण निखिलसमोर जमेल, पोरगा नवीन आहे." निखिल म्हणजे आठवा नंबर, मुंबईहून नुकताच आलेला, चांगला मुलगा. केळुसकरनं त्यालाही बिचाऱ्याला काय येतं-जातं ते शिकवलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी घंटा घेऊन बसले. निखिल आला. केळुसकर नाही. त्याचा फोन आला तो माझ्याकडे. बंदरावरून बोलत होता. आमच्या सिस्टिमचा पडदा पहाटेपासून कोरा पडला होता, जहाजं बाहेर ताटकळत होती, बंदराच्या माणसानं केळुसकरच्या घरी फोन केला आणि हा तसाच तिकडे गेला. "सरांना सांगा, होत आलंय. जेवणाच्या आत पोचतो. थोडं थांबवा." मी फोन तसाच धरून टिपणीसला सांगितलं. सगळे उभे होते. निखिल म्हणाला, "सर, आय डोन्ट माइंड, आपण दुपारी करू." टिपणीसनं माझ्या समोरचं घड्याळ स्वतः उचललं आणि चालू केलं.

वेळ संपली. घंटा मी वाजवली नाही, त्यानंच वाजवली. "वॉकओव्हर," म्हणाला. "बर्फाच्या वर्षी बससाठी कोणी थांबलं नव्हतं. नियम म्हणजे नियम." मी म्हटलं, "सर, तो आपल्याच कामासाठी गेलाय." तर माझ्याकडे बघून, मराठीत: "ते सीझनमध्ये धरलं जाईल, मेधा. ही टूर्नामेंट आहे." त्याच्या गळ्यात तो विटका टाय होता. तो टाय धरून मला ओढावासा वाटला.

केळुसकर दुपारी आला, घामानं थबथबलेला. बंदराचं काम सुरळीत झालं होतं. त्याला कळल्यावर तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि निखिलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू कशाला तोंड पाडतोस." निखिल रडायच्या बेतात होता.

दोन-तीन दिवसांनी केळुसकर टिपणीसच्या केबिनमध्ये गेला. दार उघडं होतं, माझं टेबल समोरच, सगळं ऐकू येत होतं. "सर, जागा राहू दे निखिलची. मला नको. फक्त सईची परीक्षा होईपर्यंत मला इथे ठेवा. ऑक्टोबर. मग मी स्वतः जातो." टिपणीस बोळा करत होता. म्हणाला, "जूनअखेर सगळे हलायचेत." "मला माहीत आहे. तुम्ही हेड ऑफिसला एक ओळ लिहिलीत की होईल. बाकीच्या तिघांना जूनमध्ये जायला अडचण नाही, पण मला..." "केळुसकर, आज तुझ्यासाठी थांबलो की उद्या सगळ्यांसाठी थांबायला लागेल." "थांबावं लागलं तर काय होतं, सर? आपण जहाजं थांबवतोच की रोज." टिपणीसनं बोळा टाकला. तो रिंगला लागून केळुसकरच्या पायाशी पडला. केळुसकरनं वाकून तो उचलला आणि डब्यात टाकला. स्वभावानं भिडस्त माणूस, दुसरं काय करणार.

मे महिन्यात हेड ऑफिसचा एक मोठा साहेब आला, अमेरिकन, हॅरल्ड नावाचा. साठीकडे झुकलेला, भला उंच, गुडघे धरून चालणारा. त्याला साटे, म्हणजे काडीवर भाजलेले चिकनचे तुकडे, खायचे होते, म्हणून सगळ्यांना घेऊन हॉकर सेंटरला गेलो. केळुसकरही होता, त्याचे शेवटचे आठवडे चालले होते. गप्पांमध्ये कोणीतरी म्हणालं की आमच्या साहेबांना कॉलेज बास्केटबॉलचं फार वेड. हॅरल्डनं कॉलेजचं नाव विचारलं. टिपणीसनं सांगितलं. त्या माणसानं हातातली काडी खाली ठेवली आणि हात पुसले.

तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगते. म्हणाला, "मी त्या बसमध्ये होतो."

आम्हाला काही कळेना. टिपणीसला कळलं होतं, कारण तो एकदम खायचा थांबला. हॅरल्ड आमच्याकडे वळून सांगायला लागला, आणि सांगताना त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता. बर्फात आमची बस अडकली. आम्ही समजलो, संपलं. पंचांनी वॉकओव्हर देऊनसुद्धा टाकला होता. पण यांच्या कॉलेजच्या पोरांनी तो घ्यायला नकार दिला. त्यांचा कॅप्टन म्हणाला, समोर कोणी नसताना आम्ही जिंकणार नाही. सगळी टीम कोर्टवर मांडी घालून बसली. लोक घरी गेले नाहीत. गावातल्या बायकांनी सूप करून आणलं. बँड वाजवत राहिला, लोक जागेवर राहावेत म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा दारातून झांजांचा आवाज ऐकू आला. "झांजा वाजवणारा एक भारतीय मुलगा होता, हात सोलले होते त्याचे." आणि तो टिपणीसकडे बघून म्हणाला, "तो तू होतास?"

टिपणीसनं प्लेट बाजूला सारली. मग मी हॅरल्डला विचारलं. "सर, मग सामना कोण जिंकलं?"

"आम्ही," हॅरल्ड म्हणाला. "एका बास्केटनं. आणि पुढे मोठ्या स्पर्धेतही गेलो. आमच्या कॉलेजला ते तेवढं एकच वर्ष. मी माझ्या मुलांना सांगितलंय, नातवंडांना सांगतो." तो उठला, गुडघे सावरत टेबलाला वळसा घालून टिपणीसपाशी गेला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. तुम्ही थांबलात."

टिपणीसचा हात त्या मोठ्या हातांमध्ये तसाच पडून होता. आमच्यापैकी कोणी कोणाकडे बघेना. केळुसकर खाली बघून काकडीचे तुकडे प्लेटच्या कडेला लावत होता.

परत येताना टिपणीस सगळ्यांच्या मागे पडला. पहिल्यांदाच. मी मुद्दाम त्याच्या बरोबर चालले. मला राग आला होता. म्हटलं, "सर, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं खोटं सांगितलंत." तो मराठीत बोलला. पण या वेळी मऊ आवाज नव्हता. "थांबलो. आणि हरलो. त्या वर्षी आमचीच टीम सगळ्यात चांगली होती, मेधा. नंतर कधी तशी झाली नाही. त्याला नातवंडांना सांगायला गोष्ट मिळाली. आम्हाला काय मिळालं? त्या कॅप्टननं पुढे आयुष्यभर त्याच गावात ट्रक चालवला."

"म्हणून तुम्ही गोष्टच बदललीत."

"जे व्हायला पाहिजे होतं ते सांगतो."

मी म्हटलं, "ठीक आहे. आता तरी केळुसकरसाठी ती एक ओळ लिहा. हॅरल्ड उद्यापर्यंत इथे आहे, लिहायचीही गरज नाही, तोंडानं सांगितलंत तरी होईल. ऑक्टोबरपर्यंत. पोरीची परीक्षा होऊ द्या." तो चालत राहिला. सिग्नल लागला, दिव्यातला माणूस हिरवा झाला, तरी हा उभाच. मला वाटलं, आता हा हो म्हणेल. अगदी खरं सांगते, वाटलं. मग म्हणाला, "नाही." आणि रस्ता ओलांडून गेला.

हॅरल्डला मीच सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ॲव्हीचा निर्णय आहे, मी त्यात पडत नाही, पण त्याच्यासारखा माणूस योग्य तेच करेल, त्याला मी ओळखतो.

जूनअखेर केळुसकरचा शेवटचा दिवस होता. सामान आधीच गेलं होतं. सईचं शाळेतून नाव काढलं होतं. सुजातावहिनी सांगत होत्या की पोरगी अजूनही रोज गणितं सोडवते, आम्ही काही म्हणत नाही. दुपारी केळुसकरनं टेबल आवरलं, एक खोका उचलला, आणि आम्ही सगळे त्याला पोचवायला लिफ्टपर्यंत निघालो. त्या आठवड्यात दुसरी लिफ्ट दुरुस्तीला काढली होती, एकच चालू होती. कॉरिडॉरच्या टोकाला तिचं दार उघडलेलं दिसलं. आत टिपणीस, एकटा. जेवायला निघाला असावा.

त्यानं आम्हाला येताना पाहिलं. माझं लक्ष त्याच्या हाताकडेच गेलं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. हात वर झाला, बटणावर गेला. आणि दार मिटलं नाही. दार उघडं ठेवायच्या बटणावर बोट ठेवून तो उभा राहिला.

कॉरिडॉर लांब होता, आणि केळुसकर काही घाईत नव्हता. वाटेत प्रत्येक टेबलापाशी थांबून निरोप घेत होता. आंटींना त्यानं वाकून नमस्कार केला, त्या गोंधळून हसल्या. निखिलनं त्याच्या हातातला खोका घेतला, यानं परत घेतला. लिफ्ट टूं-टूं करायला लागली. टिपणीस तसाच उभा. आम्ही दारापाशी पोचलो. तो बाजूला सरकला, खोक्याला जागा व्हावी म्हणून पाठ भिंतीला लावली. म्हणाला, "ये, केळुसकर." मराठीत. मऊ.

केळुसकरनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागवायचं काम माझ्याकडे होतं. म्हणाला, "नको सर. तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो."

टिपणीसनं बोट काढलं नाही. मी वाट बघितली, हा आता जाईल म्हणून. जाईना. बोट बटणावर, नजर केळुसकरच्या खोक्यावर, चेहरा असा की कोणीतरी त्याला काहीतरी म्हणावं. लिफ्ट ओरडतेय, खालच्या मजल्यांवर माणसं खोळंबलीयत, आणि आम्ही सगळे त्या उघड्या दारासमोर. चार महिने मागितले होते ते नाही म्हणाला, आणि आता लिफ्ट धरून उभा. मला त्याची दया यायला हवी होती, निदान एवढं लिहिताना तरी. आली नाही. आजही येत नाही.

त्यानंतर मी त्या ऑफिसात आणखी काही वर्षं काढली, रोज त्याला बघितलं, त्याच्या हाताखाली काम केलं. पुन्हा मार्चमध्ये टूर्नामेंट झाली नाही, आणि बर्फाच्या वर्षाची गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली नाही. पण टिपणीस म्हटलं की मला तो तिथेच दिसतो, लिफ्टमध्ये, बटणावर बोट ठेवून. त्या दिवशी शेवटी मीच पुढे झाले. सईची परीक्षा माझ्या डोळ्यांपुढे होती.

"सर," मी म्हटलं, "बोट काढा. तुम्ही गेल्याशिवाय आमच्यासाठी लिफ्ट येणार नाही."

त्यानं बोट काढलं. दार मिटलं.